मे महिन्यात मित्रासोबत पुण्याहून माझ्या छोट्या कारने दोन आठवड्यांसाठी निघायचंय, डोंगर आणि शहरं दोन्ही हवीत. हिमाचल करावं का? आणि छोटी गाडी चालेल का?

हिमाचल नको. कधीच नको असं नाही, पण तुम्ही लिहिलंय तसं स्वतःची छोटी गाडी, दोघं मित्र आणि हातात दोन आठवडे, एवढ्यात तरी नकोच. पुण्याहून चंदीगडपर्यंतच सोळाशे किलोमीटरच्या वर रस्ता, तोही मेच्या उन्हातला. निम्मी सुट्टी जाण्यायेण्यात संपेल आणि शिमल्याच्या चढावर पुन्हा गाड्यांची रांग लागलेलीच असेल.

गाडीचं तोंड दक्षिणेकडे करा. ज्या सह्याद्रीत आपण पावसाळ्यात भिजायला जातो, तोच खाली जाऊन दीडपटीहून जास्त उंच होतो. आपलं कळसूबाई 1646 मीटर, उटीजवळचं दोड्डबेट्टा 2637 आणि मुन्नारजवळची अनाइमुडी 2695. दक्षिण भारतात तिच्याहून उंच शिखर नाही. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र असेच उन्हाळ्यात गेलो होतो: पुणे, म्हैसूर, उटी, कोइंबतूर, मुन्नार, मदुराई, तंजावर, जिंजी आणि बंगळुरूवरून परत.

पहिला टप्पा पटकन उरकायचा. पहाटे साडेचारला निघा. साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाच्या कामांमुळे गाडी सारखी सर्व्हिस रोडवर उतरवावी लागते, कर्नाटकात शिरलात की रस्ता सुधारतो. मुक्काम धारवाड किंवा हुबळीला. दुसऱ्या दिवशी तासाभराची वाट वाकडी करायची तयारी असेल तर दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरीजवळ होदिगेरे आहे. शहाजीराजांची समाधी तिथे आहे. 1664 मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून ते तिथेच गेले. आजूबाजूला साधं खेडं आहे. मुद्दाम गाडी काढून जावं असं फारसं काही दिसणार नाही, पण पुण्याहून आलेल्या माणसाने तिथे न थांबता पुढे जाणं मला जमलं नसतं.

जाताना बंगळुरूत शिरू नका. हिरियूरला हायवे सोडा आणि हुळियार, नागमंगल करत थेट श्रीरंगपट्टण गाठा. म्हैसूरचा मुक्काम रविवारी पडेल असं बघा, कारण रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी राजवाड्यावरचे जवळजवळ लाखभर दिवे लागतात.

म्हैसूरहून उटीचा रस्ता बंदीपूर आणि मुदुमलाईच्या जंगलातून जातो. रात्री 9 ते सकाळी 6 हा रस्ता बंद असतो. तेव्हा सहाला गेट उघडताना तिथे हजर राहा. हत्ती दिसले तर त्याच वेळी दिसतात. उतरून फोटो काढायचा नाही, काच खाली करून चिप्स तर अजिबात दाखवायचे नाहीत, माकडं टपलेलीच असतात. मुदुमलाईत तेप्पक्काडूला फाटा फुटतो. मसिनगुडीवरून जाणारा कल्हट्टी घाट जवळचा, पण त्यात 36 हेअरपिन वळणं आणि अंगावर येणारा चढ आहे. गुडलूरवरून जाणारा लांबचा आहे. आम्ही गुडलूरने गेलो आणि तुम्हीही तसंच जा. घाट गाजवून दाखवायला कुणी पैसे देत नाही.

उटीसाठी ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे 2024 पासून तो सुरू झाला आणि 2025 च्या उन्हाळ्यात दिवसाला 6000, शनिवार-रविवारी 8000 गाड्या अशी मर्यादाही घातली गेली. निघायच्या आधी त्या वर्षीचा नियम बघून पास काढा. नीलगिरीत एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे आणि नाक्यावर पाण्याच्या बाटल्या काढून घेतात, म्हणून स्टीलच्या बाटल्या घरूनच घ्या.

खुद्द उटी मेमध्ये आपल्या महाबळेश्वरसारखंच असतं, तळ्याभोवती जत्रा. राहायचं कुन्नूर किंवा कोटगिरीला. आता दोघांच्या प्रवासाची खरी गंमत सांगतो. मेट्टुपाळयम ते उटी ही 46 किलोमीटरची डोंगरी रेल्वे आहे. कल्लार ते कुन्नूर हा तिचा भाग इतका चढाचा आहे की दोन रुळांच्या मधे दात्यांची पट्टी टाकलीय आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकवून गाडी चढते-उतरते. 2005 पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. एकाने त्या गाडीने खाली उतरायचं, दुसऱ्याने कार घेऊन मेट्टुपाळयमला पोचायचं. आम्ही नाणं उडवलं. मित्र जिंकला. मी खाली पोचलो, दोन कॉफ्या झाल्या, शर्ट भिजला, तेव्हा कुठे साहेब काजळी लागलेल्या तोंडाने हसत स्टेशनाबाहेर आले. पुढचे दोन दिवस मला बोगद्यांची वर्णनं ऐकावी लागली. मेमधली तिकिटं फार आधी संपतात, त्यामुळे नाणं पुण्यातच उडवून ठेवा.

घाट उतरताना मात्र थट्टा नको. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या. सारखा ब्रेकवर पाय ठेवलात तर ब्रेक तापतात, वास येतो आणि नेमक्या वळणावर पकड जाते. वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि शेजारी बसलेल्याने झोपायचं नाही, हा आमच्यातला एकमेव लेखी नियम होता. बाकी सगळं तोंडी: गाणी चालवणाऱ्याच्या आवडीची, टोल आणि पेट्रोल एका सामाईक पाकिटातून, खाणंपिणं टीटीएमएम. मित्र तीन वेळा जेवणारा आणि मी चहावर जगणारा, त्यामुळे हे फार उपयोगी पडलं.

कोइंबतूरला रात्री शहरात फिरा, सकाळी लवकर निघा. शाळेत भूगोलात पालघाट खिंड पाठ केली होती ना, ती इथे समोर दिसते. नीलगिरी संपतो, मधे सपाट मैदान, आणि पलीकडे अनाइमलाई. उदुमलपेटवरून चिन्नार अभयारण्यातून मुन्नारला चढणारा रस्ता माझ्या मते सगळ्या प्रवासातला सर्वांत सुंदर. डोंगराची ही बाजू पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे सुरुवातीला काटेरी झुडपं आणि उजाड माळ, मग मरयूरची चंदनाची झाडं, उसाची शेतं आणि गुळाची गुऱ्हाळं, आणि तासाभरात एकदम चहाचे हिरवे मळे. मरयूरचा गूळ गोळ्यांच्या आकारात मिळतो, घ्या. मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात नीलगिरी ताहर हा रानबकऱ्यासारखा प्राणी हमखास दिसतो. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी बघायची असेल तर ती 2018 मध्ये फुलली होती, हिशेब करा.

मुन्नारवरून बोडिनायकनूरचा घाट उतरलात की भट्टीत शिरता. तमिळनाडूत मेच्या सुरुवातीपासून महिनाअखेरपर्यंतच्या दिवसांना अग्नी नक्षत्रम् म्हणतात. इथे बरेच जण सांगतात की मदुराई-तंजावर उन्हाळ्यात टाळा. मी उलट सांगेन. फक्त दिवस उलटा लावा: पहाटे पाचला बाहेर, अकराला खोलीत, चारनंतर पुन्हा बाहेर. दुपारी मोठी देवळंही बंदच असतात. मदुराईला मीनाक्षीचं देऊळ पहाटे बघा आणि रात्री रस्त्यावर जिगरठंडा प्या. मोजे घालायला विसरू नका, तापलेल्या दगडावर अनवाणी चालताना देव आठवतो खरा, पण वेगळ्या कारणाने.

तंजावरला मात्र घाई नको. राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेलं बृहदीश्वर मंदिर सगळे बघतात. तुम्ही गाईडला मराठी शिलालेख दाखवायला सांगा. इथल्या मराठा गादीवरच्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास त्याच देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतलाय. घरापासून हजारभर किलोमीटरवर, तमिळ आणि ग्रंथ या लिप्यांतल्या अक्षरांच्या शेजारी आपली भाषा वाचता येते. मित्र इतिहासाला कंटाळणारा, पण तिथे तो बोट ठेवून शब्द लावत अर्धा तास उभा होता. सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालयही बघा, मोडी कागदांचा मोठा साठा त्यांच्याकडे आहे. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास घेतलेलं हे राज्य 1855 पर्यंत टिकलं. इथली मराठी घरं आजही आहेत आणि त्यांची मराठी ऐकायला मिळाली तर कान देऊन ऐका.

मग जिंजी. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी अशा तीन टेकड्या एका तटाने बांधलेल्या. शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये हा किल्ला घेतला. पुढे संभाजीराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेष पालटून इथवर आले आणि 1698 मध्ये किल्ला पडेपर्यंत मोगलांना वर्षानुवर्षं याच्या पायथ्याशी अडकून पडावं लागलं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे 12 किल्ले यादीत घेतले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. राजगिरी चढायला सकाळी लवकर लागा, पाणी भरपूर घ्या. वर पोचायच्या जरा आधी खोल भेगेवर छोटा पूल आहे. तो काढला की वरचा किल्ला तुटलाच. रायगड-राजगड चढलेल्या माणसाला पाय दुखणार नाहीत, पण तो गुळगुळीत गोल ग्रॅनाइट आपल्या काळ्या दगडापेक्षा इतका वेगळा आहे की किल्ला कुठून चढावा हेच आधी कळत नाही.

तिथून तिरुवण्णामलाई, कृष्णगिरी (टेकडी नव्हे, त्याच नावाचं शहर), होसूर करत बंगळुरू आणि मग सरळ आपला हायवे.

छोटी गाडी चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. आरामात चालेल. टायर आणि ब्रेक पॅड निघायच्या आधी दाखवून घ्या, कूलंट भरा, एसी तपासा. तारखा ठरवताना 25 मेपर्यंत मुन्नार मागे पडेल असं बघा. केरळात पाऊस साधारण 1 जूनला येतो, कधी आधीच टपकतो, आणि मग त्या घाटांमध्ये दरडींची भीती असते.