पिकअप ट्रकवरच्या पॉप-अप कॅम्परमध्ये राहणं जमतं का? देखभाल खूप असते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की टोयोटाचा टॅकोमा हा मध्यम आकाराचा पिकअप आहे, नवरा-बायको दोघंच, हौद्यात बसणारा आणि छप्पर वर उचलता येणारा कॅम्पर घ्यायचाय, तर त्यात महिना-दीड महिना सलग राहता येईल का आणि देखभाल किती मागे लागते. राहता येतं. आम्ही कोलोरॅडोत असतो, कॅम्पर घेऊन पाच वर्षं झाली, बरेचसे शनिवार-रविवार त्यातच जातात आणि एकदा सलग सात आठवडे कोलोरॅडो, युटा, वायोमिंग असं फिरलो, अजून एकत्र आहोत. पण या पाच वर्षांत आमचं जे जे बिघडलं ना, ते जवळजवळ सगळं पाण्यापायी बिघडलं. कधी पाण्याचं वजन, कधी वाफ, कधी गळती, कधी बर्फ. म्हणून पाण्याबद्दलच जास्त लिहिते, बाकीचं उरकते.

आधी वजन, कारण टॅकोमा म्हणालात. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील तो आकडा असतो. टोइंगचा, म्हणजे मागे किती वजन ओढता येईल तो आकडा इथे कामाचा नाही, सेल्समन तोच सांगत बसतो. आमच्या पहिल्या ट्रकवर १,४६० लिहिलं होतं आणि कॅम्परच्या माहितीपत्रकात वजन १,०२०, म्हटलं झालं, ४४० पौंड हातात आहेत की. मग एका रविवारी कागदावर मांडलं, पाण्याची टाकी २० गॅलनची, गॅलनला ८.३४ पौंड म्हणजे १६७ झाले, भरलेला सिलेंडर ३७, आम्ही दोघं मिळून २९०, इथेच १,५१४! अजून बॅटरी नाही, फ्रिज नाही, कपडे नाहीत, कुकर नाही, आणि माहितीपत्रकातलं वजन तर बरेचदा रिकाम्या खोक्याचं असतं. ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो, पंधराएक डॉलरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांवर किती भार येतो ते वेगवेगळं छापून मिळतं, सगळं भरून एकदा तिथे नेऊन उभं कराच. मागच्या स्प्रिंगांना आधार द्यायला हवेच्या पिशव्या (एअरबॅग) बसवल्या की ट्रक मागून खाली बसत नाही, दिसायला सरळ दिसतो, पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही, मला दोन मेकॅनिकांनी वाढतो असं सांगितलं होतं आणि मीही आधी विश्वास ठेवला. शेवटी आम्ही मोठा ट्रक घेतला. तुम्ही टॅकोमाच ठेवणार असाल तर नुसता सांगाडा घ्या, आत फर्निचर कमी, टाकी सात-आठ गॅलनची, नाहीतर पाण्याचे कॅन.

छप्पर उचलणं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. माझी उंची ५ फूट १ इंच, मी एकटी करते. बाहेरचे सगळे खटके सोडायचे, छतावरची खिडकी उघडायची म्हणजे हवा आत यायला वाट राहते, मग आत जाऊन छताला धरून असलेल्या फळ्यांपैकी आधी मागची फळी खांद्याने रेटायची आणि नंतर पुढची. एक खटका विसरून छप्पर उचलायचा प्रयत्न प्रत्येकजण एकदा करतो, तुम्हीपण कराल. छतावर रात्री बर्फ पडला असेल तर उचलण्याआधी झाडून काढा. उतरवताना खरी काळजी, वर उचललेल्या भागाच्या भिंती कापडाच्या असतात, ते कापड खटक्यात किंवा फळीत चिमटलं की भोक पडतंच. आम्ही कापडाच्या बाहेरून कमरेला बांधावी तशी एक लांब बंजी दोरी फिरवतो, दार-खिडक्या लावून छतावरचा पंखा हवा बाहेर फेकायला लावतो, मग कापड आपोआप आत ओढलं जातं. ही युक्ती कळायला आम्हाला दोन वर्षं आणि दोन ठिगळं लागली.

आता मुख्य दुखणं. थंडीत सकाळी उठलात की भिंतींना घाम सुटलेला असतो. दोन माणसांच्या श्वासातली वाफ आहेच, त्यात तुम्ही आत स्टोव्ह लावून चहा-नाश्ता केलात तर प्रोपेन जळतानाही पाणी तयार होतं, एक किलो प्रोपेनमागे साधारण दीड किलोच्या वर पाणी, म्हणजे गॅस जाळताय तेवढ्यापेक्षा जास्त पाणी हवेत सोडताय! हे सगळं जाऊन थंड कापडाला, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना आणि गादीच्या खालच्या बाजूला बसतं. गादीच्या खाली तर बघायचं सुचतच नाही कोणाला, आमच्या गादीला तिथेच काळे ठिपके आले. उपाय साधा पण पटत नाही, कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी ठेवायची. एक इकडची दोन बोटं, एक तिकडची दोन बोटं, आणि छतावरची थोडी. गादीखाली हवा खेळायला जाळीदार मॅट टाका. आणि गरम करायला कॅम्परची बसवलेली भट्टीच वापरा, तिचा धूर आणि वाफ दोन्ही भिंतीतल्या नळीतून बाहेर जातं. सुटे प्रोपेन हीटर स्वस्त मिळतात पण त्यांची सगळी वाफ आतच राहते, शिवाय कार्बन मोनॉक्साइडची भीती. कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा अलार्म दोन्ही हवेत, आणि त्यांच्या मागे तारीख असते बघा, काही वर्षांनी ते निकामी होतात, हिरवा दिवा लागतो म्हणून चालू आहेत असं नाही.

ओलं छप्पर कधीही मिटून ठेवायचं नाही. आम्ही एकदा रविवारी संध्याकाळी पावसात आवरलं, घरी पोचलो दहा वाजता, उद्या उघडू म्हटलं, आणि ते उघडलं पुढच्या शनिवारी. कोकणातल्या लोकांना सांगायला नको, जुलै महिन्यात अर्धवट वाळलेला टॉवेल घडी करून कपाटात ठेवला तर जो वास येतो तोच वास, फक्त दहापट. वासाचं निभलं, व्हिनेगर-पाणी, ऊन, पंखा असं करून दोन आठवड्यांनी गेला, पण शिवणीतले डाग अजून आहेत. ब्लीच लावायचा मोह होतो, लावू नका, कापडाचा लेप आणि धागे दोन्ही खराब होतात. साधा साबण, मऊ ब्रश. आता कितीही उशीर झाला तरी घरी आल्यावर ड्राइव्हवेत छप्पर वर करून झोपायला जातो, शेजारी हसतात.

बरं, फोडणी. आत करायची नाही. धुराचा अलार्म वाजतो हे एक, पण मोहरी-हिंग-लसणीचा वास कापडात महिनाभर राहतो आणि तुमच्या उशाशी असतो. आम्ही फोडणीचं सगळं बाहेर ट्रकच्या मागच्या फळीवर करतो, आत फक्त चहा आणि कुकर. कुकर मात्र न्याच, वजनाची एवढी कटकट करूनही तीन लिटरचा कुकर मी सोडत नाही. लेडव्हिल गाव ३,०९४ मीटरवर आहे, तिथे पाणी ९० अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तास-दीड तास नुसती नाचते, शिजत नाही, राजमा तर विसराच. कुकरमध्ये घरच्यापेक्षा थोडंच जास्त लागतं, गॅस वाचतो, आणि झाकण बंद म्हणून वाफही कमी. शेजारच्या कॅम्पसाइटवरचे एक आजोबा पहिल्या शिट्टीला खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

पाणी किती पुरतं असंही विचाराल. २० गॅलन म्हणजे ७५ लिटर, आम्हाला पाच दिवस जातं. इथल्या लोकांना दोन दिवस जात नाही कारण ते नळ सोडून भांडी धुतात आणि शॉवर घेतात. आपण तांब्या-बादलीवर वाढलेले, चार तांब्यांत आंघोळ होते माझी. संडासला पोर्टेबल डब्याचा आहे, त्याबद्दल एवढंच सांगते की तो कोण रिकामा करणार हे कॅम्पर घ्यायच्या आधी ठरवा.

छप्पर. माझं माहेर लांज्याकडचं, कौलारू घर, मृगाच्या आधी आजोबा घर शाकारून घ्यायचे, त्यात कधी हयगय नाही. पॉप-अपलाही वर्षातून दोनदा शाकारणी आहे असं समजा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. छतावर जिथे जिथे भोक आहे, पंखा, खिडकी, सोलरच्या वायर, कडेच्या पट्ट्या, तिथलं सीलंट, म्हणजे पाणी अडवायला भरलेला चिकट मसाला, बोटाने दाबून बघायचं, चीर गेली असेल तर साफ करून छतासाठीचं नवं लॅप सीलंट घालायचं, डायकॉर कंपनीचं मिळतं, आपोआप पसरतं. बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका! आमच्या आधीच्या मालकाने सगळीकडे तेच फासलं होतं, ते काही दिवसांनी कडेने सुटतं, आणि पुढे त्यावर दुसरं काही चिकटतच नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. माझे तीन शनिवार त्या खरवडण्यात गेले. पाणी आत शिरतं एकीकडून आणि दिसतं दुसरीकडे, आमच्याकडे छतातल्या वायरच्या भोकातून शिरलं आणि सापडलं कोपऱ्यातल्या प्लायवूडमध्ये, स्क्रू ड्रायव्हर दाबला तर ओल्या बिस्किटासारखा आत गेला. तो कोपरा कापून नवा बसवायला एका दुकानाने नऊशे डॉलर घेतले आणि पहिल्याच पावसात परत गळला, मग नवऱ्याने ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, लावून स्वतः केला, तो टिकलाय.

आणि गोठणं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात म्हटलं अजून एक ट्रिप होईल, म्हणून पाणी काढलं नाही, एका रात्रीत उणे ९ झालं आणि पंपाचं डोकं आणि नळ दोन्ही तडकले. आता सप्टेंबर संपला की टाकी रिकामी, वॉटर हीटर असेल तर तो रिकामा करून बायपास, म्हणजे त्याला वगळून नळ्या जोडायच्या, आणि नळ्यांतून गुलाबी रंगाचं आरव्ही अँटीफ्रीझ. गुलाबीच, गाडीच्या रेडिएटरमधलं हिरवं विषारी असतं. वसंतात ते धुवून काढायचं आणि टाकीत १५ गॅलनला पाव कप या हिशोबाने साधं, बिनवासाचं ब्लीच घालून काही तास ठेवून परत धुवायचं. टाकीत ब्लीच चालतं, कापडावर चालत नाही, माझ्या नवऱ्याचा इथे गोंधळ होतो.

विजेचं फार नाही. आमची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि छतावर १६० वॉटचं पॅनल, यात फ्रिज, दिवे, पंखा, फोन होतं. लिथियम बॅटरी शून्य अंशांच्या खाली चार्ज करायची नसते, त्यामुळे ती आत ठेवा, बाहेरच्या खोक्यात नको. भट्टीच्या आणि हीटरच्या बाहेरच्या जाळ्यांत कुंभारमाशा घर करतात आणि बर्नरच्या नळीत कोळी, दर हंगामाला ब्रश आणि हवा मारा. गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी, आपण घरी सिलेंडर बदलल्यावर करतो तसंच. टर्नबकल, म्हणजे ज्याने कॅम्पर ट्रकला बांधलेला असतो ते, पहिल्या शंभर मैलांनंतर आणि कच्च्या रस्त्यावर रोज बघा, हलून सैल होतात. हौद्यात रबराची मॅट टाकलीत तर खोकं सरकत नाही.

सात आठवडे राहताना खरं अवघड काय गेलं तर वारा आणि एकमेकांची कोपरं. ग्रेट सँड ड्यून्सपाशी एप्रिलमध्ये रात्रभर कापड असं फडफडलं की दोन वाजता उठून छप्पर खाली केलं आणि खालच्या बाकावर वेटोळं करून झोपलो, वाळू चेनमध्ये गेली ती वेगळीच. आत एकाने उभं राहायचं तर दुसऱ्याने बसायचं, हा नियमच. भांडण झालं तर बाहेर जायचं, दुसरी खोली नाही. यलोस्टोनला जाणार असाल तर फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात अस्वलांमुळे कापडी भिंतीचं काहीही चालत नाही, आपला पॉप-अपही नाही, आम्ही गेटवरून परत आलो. युटात मात्र बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणारं केंद्र सरकारचं खातं) जमिनीवर साधारण २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं, पहाटे दार उघडलं की समोर लाल दगड आणि मैलभर कोणी नाही, त्यासाठी मी ती ओली गादी रोज उलटायला तयार आहे.

नवा घ्यायचा तर वीस-तीस हजार डॉलर सहज, म्हणून बहुतेक तुम्ही जुना बघाल. पावसाच्या दुसऱ्या दिवशी बघायला जा, छप्पर मालकाला उचलायला सांगा आणि तो काय काय धडपड करतो ते बघा, गादी उचला, चारी कोपरे अंगठ्याने दाबा, छतावर शिडी लावून सीलंट बघा. आणि दार उघडल्या उघडल्या आधी नाकाने बघा. कुबट वास आला तर किंमत पाडून घेता येते. एअर फ्रेशनरचा वास आला तर तसेच घरी या.