सहा दिवसांचा स्प्लिट की ५×५? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिम सुरू करून दोन महिने झाले, ट्रेनरने सहा दिवसांचा स्प्लिट दिलाय (सोमवारी छाती, मंगळवारी पाठ वगैरे), मित्र म्हणतो ते सोड आणि ५×५ कर (मोजक्या मोठ्या व्यायामांचे पाच सेट, दर सेटमध्ये पाच रेप्स, म्हणजे वजन सलग पाच वेळा उचलणं). तुम्हाला अंगही भरायचंय आणि ताकदही हवीय.

पहिले सहा-आठ महिने स्प्लिट बाजूला ठेवा. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पूर्ण शरीराचा व्यायाम करा. पण मित्र सांगतोय तसा कोरा ५×५ही नको.

आधी स्प्लिटचं बघू. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते, ती बहुतांशी स्नायू मोठे झाल्यामुळे नसते. आहेत तेच स्नायूतंतू जास्त संख्येने आणि नेमक्या वेळी कामाला लावायला मज्जासंस्था शिकत असते. म्हणजे या टप्प्यावर स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बसणं-उठणं) किंवा बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं) हे कौशल्य आहे, आणि ते हाताखालून वारंवार गेल्याशिवाय बसत नाही. पायांचा दिवस आठवड्यातून एकदाच असेल तर महिन्यात स्क्वॉट जेमतेम चार वेळा होतो. तीन दिवसांच्या पद्धतीत बारा वेळा. शिवाय व्यायामानंतर स्नायूंत नवी प्रथिनं तयार होण्याचा वेग वाढतो, तो साधारण दीड-दोन दिवसांत ओसरतो. सोमवारी छातीचे वीस सेट मारले तरी पुढचे चार-पाच दिवस छातीला वाढायला काही कारणच उरत नाही. आणि खरं सांगायचं तर नवीन माणसाला त्या वीसातले पहिले पाच-सहा सेटच उपयोगी पडतात, बाकीच्यांतून मिळतं ते फक्त दुखणं. अंग दुखलं म्हणजे व्यायाम लागला, हा समज कृपा करून सोडा. स्प्लिट वाईट नाही. ज्याला एकेका स्नायूसाठी इतके सेट लागतात की ते एका दिवसात मावत नाहीत, त्याच्यासाठी तो आहे. तुम्ही अजून तिथे नाही.

आता ५×५. हा प्रकार लोकप्रिय करणाऱ्यांत रेग पार्क होता, आणि तो बॉडीबिल्डर होता! १९५१, १९५८ आणि १९६५ असा तीनदा मिस्टर युनिव्हर्स. त्याच्या पद्धतीत पाचपैकी पहिले दोन सेट चढत्या वजनाचे वॉर्मअप असत, पूर्ण वजनाचे फक्त तीन. उलट बाजूने फ्रँको कोलंबू बघा. आधी पॉवरलिफ्टर, म्हणजे जास्तीत जास्त वजन उचलण्याच्या स्पर्धांतला, आणि मग बॉडीबिल्डिंगमध्ये १९७६ व १९८१ साली मिस्टर ऑलिंपिया. ताकद आणि आकार यांच्या वाटा खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात त्या स्पर्धेच्या पातळीवर. सुरुवातीला एक वाढली की दुसरा मागोमाग येतो.

मग कोरा ५×५ का नको? पाचही सेट जड वजनाचे, तेही आठवड्यातून तीनदा, असं केलं की काही आठवड्यांतच शेवटच्या रेप्समध्ये पाठ वाकायला लागते. फॉर्म, म्हणजे व्यायाम करण्याची योग्य ढब, पक्का होण्याआधीच बिघडतो. शिवाय हात, खांद्याची बाजू आणि पिंढऱ्या यांना त्यात थेट काम जवळपास नसतं. सेट थकव्याच्या जवळ नेला तर स्नायू पाच रेप्समध्येही वाढतो आणि पंचवीसमध्येही. जड वजन आणि कमी रेप्स लागतात ते मुख्यतः कमाल ताकदीसाठी.

म्हणून असं करा. एक दिवस स्क्वॉट, बेंच प्रेस आणि बारबेल रो (कमरेतून वाकून बार पोटाकडे ओढणं). पुढच्या वेळी डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं), ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाउन (मशीनचा दांडा वरून छातीकडे ओढणं) आणि सोबत हलके स्क्वॉट. आलटून पालटून. मुख्य व्यायामांचे ५ ते ८ रेप्सचे तीन सेट, डेडलिफ्टचे मात्र ५ रेप्सचे दोनच. शेवटी बायसेप, ट्रायसेप, लॅटरल रेज, काफ रेज यांपैकी दोन-तीन, १० ते १५ रेप्सचे दोन सेट. मोठ्या व्यायामांत सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. घाईत सेट उरकल्याने घाम जास्त येतो, वजन वाढत नाही.

वजन कसं वाढवायचं, इथेच बहुतेकांचं अडतं. नुसता बार २० किलोचा, आणि बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट १.२५ किलोची, म्हणजे कमीत कमी उडी २.५ किलोची. ६० किलोच्या स्क्वॉटला ती चार टक्के होते, पण २५ किलोच्या ओव्हरहेड प्रेसला थेट दहा टक्के. त्यामुळे आधी रेप्स वाढवा: तिन्ही सेट आठ-आठ झाले की वजन वाढवून पुन्हा पाचवर या. डेडलिफ्टला पाच-पाच स्वच्छ झाले की वजन वाढवलं तरी चालेल. प्रत्येक सेट अजून एक-दोन रेप्स निघतील अशा बेतानेच थांबवा. लागोपाठ दोन वेळा तेच वजन फसलं तर दहा टक्के कमी करून परत चढा. हे सगळं वहीत लिहा. मागच्या वेळी किती उचललं ते आठवत नसेल तर आज किती उचलायचं ते कसं ठरवणार?

खाण्याबद्दल एवढंच, की शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पोटात जाऊ द्या आणि अंगाचं वजन वाढवायचं असेल तर एकूण आहार थोडा वाढवा.

फॉर्म चांगला, झोप पुरेशी, आणि तरीही मोठ्या व्यायामांत तीन-चार आठवडे काहीच वाढ नाही, असं झालं की बदल करा. तेव्हाही थेट सहा दिवसांवर जाऊ नका, चार दिवसांचा अप्पर-लोअर घ्या (दोन दिवस कमरेच्या वरचं शरीर, दोन दिवस खालचं). बारवरच्या आकड्यांत मन रमत असेल तर मुख्य व्यायाम जड करत न्या; आकार हवा असेल तर मागे पडलेल्या स्नायूंचे सेट वाढवा. तोवरची तुमची वही इथे टाकलीत तर पुढचं वेळापत्रक मी नक्की बघून देईन.