नॉमिक म्हणजे पाळी आली की नियम बदलायचा प्रस्ताव मांडायचा आणि सगळ्यांनी मत द्यायचं, असा खेळ. त्यात नियमाचे दोन अर्थ निघाले तर कुणाचा धरायचा?

न्यायाधीशाचा. आणि इथंच माझं डोकं फिरतं.

पीटर सुबर या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९८२ ला हा खेळ मांडला तेव्हाच २१२ व्या नियमात सोय करून ठेवलीय. वाद झाला की ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा खेळाडू न्यायाधीश. नियम संदिग्ध असला तर त्यानं आधी खेळातली रूढी आणि खेळाचा आत्मा बघायचा. निकाल फिरवायला बाकीच्या सगळ्यांचं एकमत पाहिजे, तेही पुढची पाळी सुरू व्हायच्या आत.

आम्ही चौघं शिवाजी पेठेत एका माडीवर दर रविवारी खेळायचो. मिसळ वर्गणीच्या डब्यातनं. माझ्या आधीच्या गड्यानं ३०२ वा नियम आणला: 'ज्याचा प्रस्ताव पडेल त्यानं आपल्या मिसळीचे पैसे द्यायचे.' सगळ्यांनी हात वर केले. पुढं दोघांचे प्रस्ताव पडले, दोघांनी एकेका प्लेटीचे पैसे डब्यात टाकले. मग माझा पडला. दुसरीच फेरी, एकमत लागत होतं, आणि विरोध केला याच पठ्ठ्यानं. दहा गुण गेले ते वेगळेच. वर म्हणतो, "आपल्या म्हणजे आपल्या सगळ्यांच्या. चार प्लेटींचे काढ."

न्यायाधीश कोण? तोच! म्हटलं, भावा, रूढी बघ, दोन्ही वेळा एकेकच प्लेट झाली. तर म्हणे, "रूढी संदिग्ध असल्यावर बघायची. मला तर स्पष्ट दिसतंय." म्हणजे संदिग्ध आहे का नाही हे ठरवणारा पण तोच. (आमच्याकडं 'आपल्याला नाही जमत' म्हणजे 'मला'. त्या हिशेबानं फक्त त्याच्या प्लेटीचे निघत होते.) बाकी दोघांतला एक माझ्या बाजूनं आला. दुसऱ्यानं पाव कटात बुडवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "निकाल बरोबर वाटतोय." मागच्या रविवारी ह्यानंच एका प्लेटीवर भागवलं होतं.

तेव्हा 'आपल्या' लिहूच नका, 'स्वतःच्या' लिहा. आणि ज्यानं नियम आणला त्याला त्याच नियमाचा न्यायाधीश होऊ देऊ नका, हा बदल पहिल्याच फेरीत करून घ्या. तो गडी आता वकील झालाय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, तिथं म्हणून दाखव म्हणावं, दावाही माझा आणि निकालही मीच देणार.

हां, हे सगळं मूळ नियमांचं. २१२ बदलता येतो, तुमच्यात कुणी आधीच बदलला असेल तर तो वाचा.

जादा पावाचे पैसे 'मिसळीत' धरायचे का, हा मुद्दा मला घरी आल्यावर सुचला.