टॉप पेअर होती, तरी गेली कशी?

प्रश्न: दादा, मी मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे सध्या सॅन होजेला असतो, शनिवारी इथल्या कार्डरूममध्ये 4-8 लिमिट होल्डेम (पोकरचा प्रकार, बेट ठरलेली: आधी 4, टर्नपासून 8 डॉलर) खेळतो. गेल्या शनिवारचा हात डोक्यातून जात नाहीये. मी बिग ब्लाइंडला (पत्ते बघायच्या आधीच पैसे टाकावे लागतात ती जागा), हातात चौकटची नव्वी-अठ्ठी. चार जणांनी नुसता कॉल केला (बेटएवढेच पैसे टाकले), बटणवाल्याने (डीलरच्या जागेवरच्याने) रेझ केलं, म्हणजे बेट वाढवली, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, मी कॉल केला, बाकी सगळ्यांनीही केला. म्हणजे सहा जण आणि पॉटमध्ये 50 डॉलर. फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते) आला इस्पिक नव्वी, बदाम छक्की, किलवर दुर्री. टॉप पेअर, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जोडी! मी लगेच 4 ची बेट मारली आणि पाचही जणांनी कॉल केलं. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिकचा एक्का. मी चेक केलं (बेट न मारता पुढे दिलं), माझ्यापासून तिसऱ्याने 8 मारले, बटणने कॉल केलं, मीही केलं. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) तिर्री, त्याने परत 8 मारले, बटणने पत्ते टाकले, मी कॉल केलं तर त्याने एक्का-छक्की दाखवली. छक्कीच्या जोडीवर हा माणूस फ्लॉपला बसलाच कसा? नो-लिमिट (जिथे बेट कितीही मारता येते) असतं तर मी एका झटक्यात हाकलला असता. लिमिट सोडून द्यावं का?

उत्तर: सोडू नका. पण आधी एक गोष्ट मान्य करा, फ्लॉपला त्या माणसाने 4 डॉलर टाकले ते अगदी बरोबर टाकले. त्याच्या जागी मी असतो तर मीही टाकले असते.

हिशोब बघा. तुम्ही 4 मारले, त्याच्या आधी दोघांनी कॉल केलं, म्हणजे त्याच्यासमोर 62 डॉलर आणि द्यायचे फक्त 4, साडेपंधराला एकचा भाव. त्याला सुधारायला दोन छक्क्या आणि तीन एक्के, एकूण पाच पत्ते. न दिसलेले पत्ते 47, त्यातले 42 वाईट, 5 चांगले, म्हणजे त्याला साधारण 8.4 ला एक एवढा भाव पुरे होता, आणि तुम्ही त्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट देऊन बसलात. ज्याच्याकडे दश्शी-अठ्ठी असेल आणि सलग पाच पत्त्यांसाठी मधली एकच सत्ती लागत असेल त्यालाही पावणेअकराला एक पुरतो, म्हणजे तोही बरोबर. तुमची बेट कुणालाच चूक करायला लावत नव्हती, दुखणं हे आहे.

आणि तुमची नव्वीची जोडी किती नाजूक होती ते बघा. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का, हे वरचे 20 पत्ते 47 मध्ये शिल्लक. टर्नलाच यातला एखादा यायची शक्यता 43 टक्के, आणि रिव्हरपर्यंत धरली तर 68 टक्के, म्हणजे तीनातल्या दोन वेळा तुमच्यापेक्षा मोठा पत्ता बोर्डवर पडणार. दरवेळी तो कुणाला लागेलच असं नाही, पण समोर पाच जण बसलेत हो! एक्का-राजा हातात धरून राजाचा फ्लॉप लागला असता तर वरून काहीच येणार नव्हतं, त्या हातात मी बाकीच्यांना हाकलायची एवढी घाई सांगितली नसती. टॉप पेअर हे नाव दोन्हीला एकच, पण जीव वेगळा.

मग करायचं काय, तर फ्लॉपला चेक. हो, चेक. रेझ करणारा बटणवर होता, म्हणजे सगळ्यात शेवटी बोलणारा. तुम्ही चेक, मधले चौघं चेक, आणि त्याने आधी रेझ केलेलं असल्यामुळे बहुतेक वेळा तो 4 मारणारच. पॉट 54. आता तुम्ही 8 ला रेझ करायचं, झाले 62, आणि मधल्या चौघांना आत यायला एकदम 8 द्यायचेत. आधीच्या दोघांनी पत्ते टाकले तर एक्का-छक्कीवाल्याला मिळतो पावणेआठला एक. त्याला हवा 8.4 ला एक, वर बटण परत रेझ करेल ही भीती. आता त्याने पत्ते टाकले तर पाच पत्त्यांची कटकट गेली, नाही टाकले तर तो चुकीचा भाव देऊन खेळतोय, मला दोन्ही चालेल. लिमिटमध्ये बेटची रक्कम आपल्या हातात नसते पण एकाची दोन करणं असतं, आणि नो-लिमिटवाले इकडे आले की नेमकं तेच विसरतात. गोव्यात मी बसलोय ती टेबलं सगळी नो-लिमिटची, तिथून आल्यावर मलाही ही सवय लागायला वेळ लागला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. अठ्ठी-सत्तीवाला, ज्याला दोन्ही टोकं उघडी आहेत (पंजी किंवा दश्शी, कुठलीही चालते), तो कशानेही जाणार नाही, त्याला पाचला एक जरी मिळाला तरी पुरतं. त्याच्याकडून पैसे घ्यायचे, तो लागला तर लागला. दुसरं, बटणवाला एक्का-राजा हातात असून फ्लॉप चुकला की गप्प चेक करणारा असेल तर हा डाव करू नका, पाच जणांना फुकट पत्ता देण्यापेक्षा सरळ बेट बरी. आणि रेझ करणारा तुमच्या लगेच डावीकडे असेल तर सगळं उलटं, तेव्हा तुम्हीच बेट मारायची, तो रेझ करेल आणि मागच्यांना तोच दुप्पट भाव पडेल. फ्लॉप बघायच्या आधी मी पहिलं हेच बघतो, रेझवाला कुठं बसलाय.

तुमचा टर्नचा कॉल मला पटला. पॉट 90, द्यायचे 8, आणि समोर नुसती एक्क्याची जोडी असेल तर दोन नव्व्या आणि तीन अठ्ठ्या तुम्हाला चालतात, 8.2 ला एक पुरे, मिळत होता सव्वाअकराला एक. रिव्हरला 106 साठी 8, चौदात एकदा बरोबर आलात तरी भागतं, पण जो माणूस दिवसभर नुसता कॉल करतो आणि एक्का पडल्यावर दोनदा स्वतः बेट मारतो त्याच्यासमोर मी तिथे पत्ते टाकले असते.

प्रश्न (दुसऱ्या वाचकाचा): आमच्या टेबलावर चेक-रेझ (आधी चेक, मग रेझ) केलं तरी कुणी हलत नाही, दोन बेटचे पैसेही हसत टाकतात. न्यू जर्सीत 4-8 च खेळतो. मग काय उपयोग?

उत्तर: अशा टेबलावर थोडं थांबा. वरचाच हात घेऊ. फ्लॉपला चेक-रेझ केलं आणि सहाही जण राहिले तर पॉट होतो 98, मग टर्नला तुमच्या 8 च्या बेटवर पहिल्यालाच सव्वातेराला एक मिळतो, म्हणजे सगळ्यांचा कॉल पुन्हा बरोबर, पॉट तुम्हीच फुगवलात. त्याऐवजी फ्लॉपला बटणच्या 4 वर नुसता कॉल करा, पॉट 74 वर राहू द्या. टर्नला चव्वी-तिर्रीसारखा निरुपद्रवी पत्ता पडला तर परत चेक, बटण 8 मारेल, तुम्ही 16 करा. आता 98 साठी 16, सहाला एकच्या जरा वर, इथे पाच पत्तेवाला पण चुकतो आणि मधल्या एका पत्त्याची वाट बघणारा तर फारच चुकतो. हसत 4 टाकणारी माणसं 16 टाकताना एकदा तरी पत्ते उचलून परत बघतात, मी हे खूपदा बघितलंय. आणि टर्नला राणी किंवा एक्का पडून बेट-रेझ सुरू झालं, तर फ्लॉपला तुमचे 4 डॉलरच गेलेले असतात, पत्ते टाका आणि पुढच्या हाताची वाट बघा. फक्त बटणवाला टर्नलाही बेट मारणारा हवा, ते आधीच्या तासाभरात बघून ठेवा.