फरशीवर खडूने आखतो, तेही ड्रॉइंगच!

प्रश्न : मुलगा सांगलीला अकरावी सायन्सला आहे. आर्किटेक्चरला जायचं म्हणतो. गणित चांगलं, पण ड्रॉइंगचा आनंदच आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला 'सी' ग्रेड मिळाली. माणूस काढला की बाहुलं होतं. भूमितीचा पेपर तेवढा आवडीने सोडवायचा. वेळ मिळाला की वडिलांच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये जाऊन ग्रिलचे आराखडे आखून देतो. क्लासवाले म्हणतात, 'हात' नसेल तर दोन वर्षांचा ड्रॉइंगचा क्लास लावा. काय करावं?

उत्तर : ताई, नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत. ती वर्कशॉपची.

आर्किटेक्टचं ड्रॉइंग आणि चित्रकाराचं ड्रॉइंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा वाद इटलीत पाचशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. आल्बेर्ती नावाच्या विद्वानाने वास्तुकलेवर ग्रंथ लिहिला, तो 1485मध्ये छापला गेला. चित्रकाराने छाया-प्रकाश आणि लांब जाताना लहान होणाऱ्या रेषा दाखवाव्यात. वास्तुकाराने मात्र खरी मापं आणि खरे कोन दाखवावेत, असं त्याने त्यात बजावलं. पुढे 1519च्या सुमारास राफाएलने पोप दहावा लिओ याला लिहिलेल्या पत्रातही तेच आहे : इमारतीचा प्लॅन, बाहेरची भिंत आणि आतली भिंत अशा तीन आकृत्या काढा, आणि रेषा लहान करू नका, कारण आखूड झालेल्या रेषेवरून माप घेता येत नाही. हे सांगणारा माणूस त्या काळातला नावाजलेला चित्रकार होता, हे विशेष. आज कॉलेजात प्लॅन (वरून पाहिलेला आराखडा), एलिव्हेशन (समोरून दिसणारी बाजू), सेक्शन (मधून कापल्यावर दिसणारा आतला भाग) म्हणून जे शिकवतात ते हेच. आणि इंटरमिजिएटच्या पेपरात घनभूमिती म्हणून तुमच्या चिरंजीवांनी आवडीने सोडवलं, तेही याच घराण्यातलं. 'सी' ग्रेड चारही पेपरांची मिळून असते. त्यातून बाहुलं दिसतं, घनभूमिती दिसत नाही.

आता वर्कशॉप. ग्रिल कापण्याआधी फरशीवर खडूने ती पूर्ण मापात आखतात ना? फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चमध्ये शिल्पकार मायकलअँजेलोने वेगळं काही केलं नाही. शेजारच्या ग्रंथालयाच्या खिडक्या त्याने तिथल्या न्यू सॅक्रिस्टी नावाच्या दालनाच्या भिंतींवर खऱ्या आकारात रेखाटल्या. ती रेखाटनं विसाव्या शतकात उजेडात आली. दगडाच्या गलथ्यांसाठी, म्हणजे मोल्डिंगसाठी, कागदाचे किंवा पत्र्याचे फर्मे कापून पाथरवटाच्या हातात द्यायचे, ही तेव्हाची रीत. फर्मा चुकला की दगड वाया. तुमच्या मिस्टरांना विचारा, पट्टी कापल्यावर चूक कळली तर कसं वाटतं. ज्या मुलाने हा अनुभव घेतलाय, त्याला रेषेची जबाबदारी वेगळी शिकवावी लागत नाही. मार्कांची शीट बघून हे कळत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

'हात' जन्मजातच असावा लागतो का? मायकलअँजेलोचंच बघा. 'डेव्हिड'चा पुतळा घडवून झाल्यावर, चाळिशीच्या आसपास, वास्तुकाम अंगावर आलं तेव्हा तो दुसऱ्याच्या वहीतली रोमन इमारतींची रेखाटनं लाल खडूने उतरवत बसला. ती वही 'कोडेक्स कोनर' म्हणून लंडनला जपून ठेवलेली आहे. इटलीचाच वास्तुकार पाल्लादिओ तर पाथरवटाकडे उमेदवारी करून आलेला. तिशी ओलांडल्यावर, 1541मध्ये, तो पहिल्यांदा रोमला गेला आणि प्राचीन रोमनांच्या पडक्या स्नानगृहांची मापं घेत फिरला. मोजायचं, काढायचं, पुन्हा मोजायचं. तेव्हा वास्तुशिक्षण बऱ्याच अंशी असंच चालायचं. पॅरिसला वास्तुकलेची राजेशाही अकादमी निघाली ती 1671मध्ये, म्हणजे बरीच नंतर. तेव्हा दुसऱ्याचं बघून उतरवणं म्हणजे कॉपी, ही आपली शाळेतली समजूत इथे बाजूला ठेवा.

आता क्लासचं. नाटाच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेच्या, 200 गुणांत अलीकडे 80 गुण चित्र आणि रचनेला असतात. ते गुण फुकट मिळत नाहीत, तिथे पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान दाखवणं), रंगसंगती, कल्पना हे सगळं लागतं. म्हणून सराव हवाच. पण दोन वर्षांची फी? माझं स्पष्ट मत, नको. बारावीच्या आधीच्या सुट्टीपासून रोज पाऊण तास आणि शेवटचे चार-पाच महिने एखादा चांगला मार्गदर्शक, एवढं पुरतं. उरलेले पैसे पहिल्या वर्षाच्या सामानाला ठेवा. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, शीट्स, मॉडेलचं साहित्य हा खर्च बऱ्याच पालकांच्या हिशेबातच नसतो. फिजिक्स आणि मॅथ्सकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका, त्यांच्याशिवाय बी. आर्क.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीला, दारच उघडत नाही. कोर्स पाच वर्षांचा आहे, आणि सुरुवातीचा पगार ऐकून नातेवाईक तोंड वाकडं करतील, याचीही तयारी ठेवा.

'हल्ली सगळं कॉम्प्युटरवर होतं' असं कोणी म्हणेलच. होतं. पण सेक्शन नेमका कुठून कापायचा हे कॉम्प्युटरला माणूसच सांगतो.

तर येत्या रविवारी मुलाला टेप घेऊन तुमच्याच घराच्या जिन्यावर बसवा. प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, तिन्ही एकाच स्केलमध्ये, मापं टाकून. छाया नको, रंग नको, पट्टी वापरली तरी चालेल. तिन्ही कागदांचे फोटो मला पाठवा, मग पुढचं ठरवू. आणि प्रत्येक पायरीची उंची वेगळी मोजायला सांगा, एकीला गुणून टाकू नको म्हणावं. आपल्याकडच्या जिन्यात पहिली आणि शेवटची पायरी सहसा बाकीच्यांशी जुळत नाही.