समुद्राकाठच्या रिसेप्शनला टेबलांवर कोणतं कापड घालावं?

प्रश्न वाचला. मुलीचं रिसेप्शन डिसेंबरात, वेंगुर्ल्याजवळच्या माडांच्या बागेत, संध्याकाळचं. तीनशे माणसं, पाच फुटी गोल टेबलं, आणि टेबलांवरचं कापड अगदी श्रीमंती दिसायला हवं. साटीन, मखमल की लिनन, आणि भाड्याने की विकत, असं तुम्ही विचारलंय. मी मालवणकडे मंडपाचं शिवणकाम करते. आधी झालरी आणि छतंच शिवायची, आता टेबलांची कापडंही शिवते. साटीन घेऊ नका, हे आधीच सांगते.

माझं पहिलं मोठं काम साटीनचंच होतं. मोतिया रंग, वर सोनेरी ओव्हरले, म्हणजे शोभेचं पातळ कापड, दुकानात डोळे दिपत होते. ते किनाऱ्यावर नेऊन अंथरलं आणि दुपारचा खारा वारा सुरू झाला. कापडाच्या कडा टेबलावर उलटून येऊ लागल्या. सोलकढीचे ग्लास भरून ठेवले होते, त्यातले किती आडवे झाले ते मोजायला मी थांबलेच नाही. त्यात घड्यांच्या रेषा गेल्या नव्हत्या. साटीनवर घडी पडली की लख्ख दिव्यात ती पहिली दिसते, आणि इस्त्री जरा जास्त तापली की कापड चिकटतं. बंद हॉलमध्ये, एसीत, साटीन शोभतं. बागेत ते मंडपवाल्याकडून आणल्यासारखंच दिसतं, मग कितीही पैसे मोजा.

श्रीमंती चकाकीत नसते, पडण्यात असते. कापड टेबलाच्या कडेवरून खाली कसं उतरतं आणि वाऱ्याने हललं तर किती सावकाश हलतं, तिथे नजर ठरते. त्यासाठी वजन लागतं. दुकानात जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. शर्टाचं कापड साधारण १०० ते १४० असतं. तुम्ही सुती किंवा सुती-लिनन मिश्र कापड २२० ते २५० मधलं घ्या. तुमच्या टेबलाचं पूर्ण झालेलं एक कापड त्यात दीड किलोच्या आसपास भरतं, साटीनचं पाऊण किलोही भरत नाही. शुद्ध लिनन, म्हणजे जवसाच्या धाग्याचं, दिसतं सुरेख, पण चुरगळतं फार. ते हवंच असेल तर फक्त नवरा-नवरीच्या टेबलाला घ्या. मखमलीचा विचार सोडून द्या. डिसेंबरात आपल्याकडे रात्री दव पडतं, आणि दव बसलं की मखमलीची लव चपटी होते.

आता मापाकडे येते, कारण सगळे इथेच फसतात. आधी स्वतः टेप घेऊन जा. पाच फुटी म्हणून सांगितलेलं टेबल साडेचार फुटी निघालेलं मी पाहिलंय. खरोखर पाच फूट, म्हणजे ६० इंच असेल आणि उंची ३० इंच असेल, तर जमिनीला टेकणाऱ्या कापडाचा व्यास १२० इंच होतो. पुस्तकी माप हेच. पण बागेतली जमीन आपली तांबडी माती. टेकणाऱ्या पांढऱ्या कापडाची कड तासाभरात विटकरी होते, आणि तो रंग सहज निघत नाही. म्हणून मी ११३ इंचच करते. जमिनीपासून साडेतीन इंच वर राहतं, लांबून कुणाला कळत नाही, आणि बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात अडकत नाहीत.

११३ चं दुसरं कारण पन्ह्याचं, म्हणजे कापडाच्या रुंदीचं आहे. ६० इंची पन्ह्याचं कापड घ्या आणि कापण्याआधी धुऊन घ्या. हे चुकवू नका, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं, आणि शिवून झाल्यावर आटलं तर जोडावर चुण्या येतात. धुतल्यावर पन्हा ५८ च्या आसपास उरतो. ११५ इंच लांबीचे दोन तुकडे कापा. एक अख्खा मधे ठेवा, दुसरा उभा अर्धा करून त्याच्या दोन्ही बाजूंना जोडा, म्हणजे शिवण ताटांच्या मधोमध येत नाही. ५८ अधिक ५८ म्हणजे ११६, दोन जोडांत दोन इंच जातात, काठ दुमडण्यात आणखी एक. राहिले ११३. पूर्ण १२० करायला गेलात तर तिसरी पट्टी लागते आणि कापडाचा खर्च एकदम चढतो. गोल काढायला कापड चौपदरी दुमडा, घडीच्या कोपऱ्यात सुतळीचं टोक धरा आणि ५७ इंचांवर खडूने पाव वर्तुळ ओढा. धुण्यातली घट धरून एका टेबलाला सव्वासहा मीटर कापड पुरतं.

टेबलं किती? एका पाच फुटी टेबलाला आठजण बसतात. बुफे असेल तर तीनशे माणसं एकदम बसत नाहीत, २५ टेबलं पुरतात. कापडं २८ करा. जेवण सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी काहीतरी सांडणार, हे धरूनच चालायचं. म्हणजे १७५ मीटर कापड झालं. एवढं एकाच लॉटचं हवं, नाहीतर पांढऱ्यातही दोन रंग दिसतात. तालुक्याच्या दुकानात एवढं एकदम मिळणं अवघड. कोल्हापूर-इचलकरंजीकडे जा, नाहीतर मुंबईला मंगलदास मार्केटला. रंग मोतियाच घ्या. टिनोपाल घातल्यासारखं पांढरं शुभ्र कापड एलईडीखाली निळसर दिसतं आणि फोटोत हॉस्पिटल वाटतं.

आणि हे कापड बाहेर, संध्याकाळी, जिथे अंथरायचं तिथेच नेऊन पाहिल्याशिवाय १७५ मीटर फाडून घेऊ नका. आधी सव्वासहा मीटर आणा, एकच शिवा, टेबलावर टाकून पाहा. नवरीलाही दाखवा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात तिच्या मनातला रंग बदलतो.

वाऱ्याला उपाय सोपा आहे. जाळ्याच्या तळाशी बांधतात ती शिशाची छोटी वजनं बंदरावर मिळतात. काठाच्या आत चार छोटे खिसे शिवून त्यात एकेक टाका, धुण्याआधी काढून ठेवा, आणि शिसं हाताळल्यावर हात धुवा. सूर्य मावळला की खारा वारा मंदावतो, त्यामुळे कापडं दुपारी अंथरायची घाई करू नका. पाचनंतर अंथरा आणि टेबलावरच वाफेच्या इस्त्रीने घड्या काढा.

खळ द्यायची तर आपली पेजेची निवळ सगळ्यात छान, कापडाला कडकपणा येतो पण पुठ्ठा होत नाही. मात्र आदल्या दिवशीच द्या. खळ दिलेलं कापड आपल्या दमट हवेत ठेवलं की त्याला बुरशी धरते आणि झुरळं लागतात. माझ्या एका गिऱ्हाइकाने खळीसकट ट्रंकेत ठेवलं, आणि गणपतीत ट्रंक उघडली तेव्हा कापडाला काळे ठिपके.

नॅपकिनवर मात्र हात आखडू नका. पाहुणा टेबलक्लॉथ बघतो, नॅपकिन त्याच्या ओठाला लागतो. पॉलिस्टरचा नॅपकिन पाणी टिपत नाही, नुसतं पसरवतो, आणि माशाच्या कालवणानंतर त्याचा काही उपयोग नाही. नॅपकिन सुतीच हवा. धुतलेल्या ५८ च्या पन्ह्यात १९ इंचांचे तीन बसतात, काठ दुमडून १८ चा चौरस मिळतो. तीनशेंना शंभर ओळी, म्हणजे धुतलेलं ४८ मीटरच्या वर कापड. आटणं आणि वीस-पंचवीस जास्तीचे नॅपकिन धरून ५५ मीटर आणा. रंग गडद घ्या, कोकमी किंवा आंब्याच्या पानाचा हिरवा. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तेव्हा घाबरू नका. स्वच्छ खळबळून कडक उन्हात घाला, ऊन हळद खातं. सोलकढीचा डाग लगेच गार पाण्याने धुवा, साबण नंतर. उलट केलंत तर तो निळसर पडतो.

शोभेसाठी सगळीकडे ओव्हरले नकोत. रनर म्हणून, म्हणजे टेबलाच्या मधोमध आडवी, खणाची पट्टी टाका, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण असेल तर उत्तम. त्याचा पन्हा अरुंद असतो, त्यामुळे रनरला वाया काही जात नाही. १३ इंच रुंद, ८० इंच लांब, दोन्ही बाजूंना दहा इंच लोंबतं. नवरा-नवरीच्या टेबलाला हिमरू, म्हणजे रेशीम आणि सूत मिळून विणलेलं कापड टाकलंत, तर दोन्हींचा मान राहील. आजीची पैठणी मात्र टेबलावर घालू नका. खूपजणी हौसेने विचारतात. मेणबत्तीचं मेण जरीत शिरलं की निघत नाही. ती आहेराच्या टेबलामागे पडद्यासारखी सोडा, फोटोतही येईल आणि जेवणापासून लांबही राहील.

बुफेच्या लांब टेबलांना विकत काही घेऊ नका. तिथे डाग पडणारच. भाड्याचं लायक्रा चालतं, ताणून बसतं, वाऱ्याने उडत नाही. भाड्याचं घेताना एकेक कापड उलगडून दिव्यासमोर धरा, तिथल्या तिथे डागांचे फोटो काढा, नाहीतर परत देताना ते तुमच्या नावावर लागतात. खुर्च्यांची कव्हरं नकोत, असं माझं मत. त्या पैशांत चांगले नॅपकिन होतात.

विकत घेतलेली २८ कापडं नंतर कुठे ठेवणार, हेही आत्ताच ठरवा. मधला अख्खा पन्हा उसवला की त्याचा एका खिडकीचा पडदा होतो, बाजूच्या पट्ट्यांच्या उशांच्या खोळी. पण एकदम उसवू नका, दहाएक ठेवा. तुमच्या वाडीत पुढचं लग्न निघालं की पहिला फोन तुम्हालाच येणार.

टेबलाचं खरं माप हाती आलं की इथेच लिहा. पट्ट्या कशा कापायच्या त्याचं चित्र काढून टाकते.