बी.एस्सी. नंतर कंपनीतील नोकरी सोडून शाळेत विज्ञान शिक्षक व्हायचे असेल, तर कोणती तयारी करावी?

रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून काही वर्षे औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम केल्यावर मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते दहावीला विज्ञान शिकवायचे असेल, तर वाट कोणती, आणि बी.एड. ही नुसती कागदोपत्री अट आहे की तिचा खरोखर उपयोग होतो, असे तुम्ही विचारले आहे. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि आमच्याकडे आंतरवासितेसाठी (इंटर्नशिपसाठी) येणाऱ्या विद्यार्थी-शिक्षकांचे पाठ पाहते. त्या अनुभवावरून दोन्ही प्रश्नांचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

आधी पात्रतेचे पाहू. पदवीनंतरचे बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचे आहे. महाराष्ट्रात त्याचा प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या बी.एड. सीईटीतून होतो आणि त्यासाठी पदवीला किमान 50 टक्के, तर राज्यातील राखीव प्रवर्गांना 45 टक्के गुण लागतात. सहावी ते आठवीला शिकवण्यासाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर किंवा केंद्राच्या सीटीईटीचा दुसरा पेपर उत्तीर्ण असावे लागते. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित खाजगी शाळांमधील जागा राज्याच्या शिक्षक भरतीच्या 'पवित्र' या पोर्टलमार्फत भरल्या जातात आणि तिथे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे, म्हणजे टेटचे, गुण निर्णायक ठरतात. पुढे अकरावी-बारावीलाही शिकवण्याची इच्छा असेल, तर त्या विषयातील एम.एस्सी. आवश्यक आहे. बारावीनंतरचा, पदवी आणि बी.एड. एकत्र असलेला चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम तुम्हाला लागू नाही, कारण तुमची पदवी झालेली आहे.

नोकरी सोडण्यापूर्वी दोन गोष्टींचा शांतपणे विचार करा. पहिली गोष्ट पगाराची. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी 2023 पासून हे मानधन सहावी ते आठवीसाठी दरमहा 16,000 रुपये आणि नववी-दहावीसाठी 18,000 रुपये आहे, आणि नियमित वेतनश्रेणी त्यानंतरच मिळते. दुसरी गोष्ट भरतीच्या अनिश्चिततेची. अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर 2017 मध्ये झाली, दुसरी 2023 मध्ये आणि तिसरी 2025 मध्ये. बी.एड. पूर्ण होताच परीक्षा जाहीर होईल, असे गृहीत धरून घराचा हिशेब मांडू नका. मधल्या काळात विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा थेट मुलाखतीने शिक्षक घेतात. तिथला पगार बहुधा कमी असतो, पण वर्गावरचा सराव सुटत नाही. नोकरी करता करता बी.एड. करण्याचा विचार असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे बी.एड. सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे आणि कंपनीतील अनुभव त्यासाठी चालत नाही. तुम्हाला नियमित अभ्यासक्रमच करावा लागेल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. या सगळ्या परीक्षांमध्ये विज्ञान कुठे विचारले जाते, हे एकदा तपासून पाहा. बी.एड. सीईटीच्या 100 प्रश्नांत मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता हे तीनच घटक आहेत. अभियोग्यता चाचणीच्या 200 गुणांपैकी 120 अभियोग्यतेला आणि 80 बुद्धिमत्तेला आहेत. टीईटीच्या दुसऱ्या पेपरमधील 150 पैकी 60 गुण गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांना मिळून आहेत. याचा अर्थ असा की तुम्हाला भिंगाचे सूत्र समजले आहे का, प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग तुम्ही कधी स्वतः केला आहे का, हे नेमणुकीपर्यंत कोणीही धडपणे विचारणार नाही. ते विचारतात ते थेट सातवीच्या वर्गातील विद्यार्थी. म्हणून विषयाची तयारी तुम्हाला स्वतःहून, कोणी सांगण्याची वाट न पाहता करावी लागेल, आणि माझ्या मते शिक्षक होण्याच्या प्रशिक्षणातील तोच सर्वांत मोठा भाग आहे.

रसायनशास्त्र तुम्हाला येते, पण शाळेत ते एकटे येत नाही. सहावी ते आठवीला एकच 'सामान्य विज्ञान' असते. दहावीला 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'चे दोन भाग आहेत, प्रत्येकाचा लेखी पेपर 40 गुणांचा आणि प्रात्यक्षिकांचे 20 गुण वेगळे. पहिला भागच गुरुत्वाकर्षणाने सुरू होतो आणि पुढे विद्युतधारेचे परिणाम, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे असे विषय येतात, तर दुसरा भाग आनुवंशिकता आणि उत्क्रांतीने उघडतो. शिवाय अनेक शाळांत विज्ञानाच्या शिक्षकाकडे गणिताच्या तासिकाही दिल्या जातात. बालभारतीची सहावी ते दहावीची पुस्तके ई-बालभारतीवर विनामूल्य मिळतात. ती वाचून बाजूला ठेवू नका, त्यांतील प्रत्येक कृती स्वतःच्या हाताने करा. कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी तयार करा, जास्वंदीचे फूल उभे कापून त्याचे भाग ओळखा, काचेच्या चिपेच्या दोन्ही बाजूंना टाचण्या लावून अपवर्तित किरण काढा. पुस्तकात दोन ओळींत आटोपलेली कृती प्रत्यक्षात कुठे अडते, हे केल्याशिवाय कळत नाही.

असे का म्हणते, ते एका उदाहरणाने सांगते. ताटलीत पाणी घेऊन मधोमध जळती मेणबत्ती ठेवायची आणि तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घालायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढते. पाठ पाहताना मला बहुतेक वेळा ऐकू येणारे स्पष्टीकरण असे असते की हवेतील ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली आणि पाणी सुमारे एक-पंचमांश चढले, म्हणून हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो हे सिद्ध झाले. ऐकायला हे इतके नेटके वाटते की वर्गात कोणी शंका घेत नाही. पण नीट पाहिले, तर मेणबत्ती जळत असताना पाणी फारसे चढत नाही, ती विझल्यावर भराभर चढते. ऑक्सिजन वापरला जाण्यामुळेच पाणी चढत असते, तर ते जळण्याच्या काळातच चढायला हवे होते. त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी आणखी वर जाते, वास्तविक ग्लासातील ऑक्सिजन तेवढाच असतो. मुख्य कारण उष्णतेचे आहे. ग्लास घालताना ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावलेली असते आणि तिचा काही भाग काठाखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. ज्योत विझल्यावर आत राहिलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ज्वलनात ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होत असतो आणि मेणबत्ती विझते तेव्हाही ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. तुम्ही प्रयोगशाळेत काम केलेले असल्याने, निरीक्षण जुळत नसेल तर स्पष्टीकरण तपासायचे, ही सवय तुम्हाला आधीपासून आहे. शाळेला त्या सवयीची फार गरज आहे, ती वर्गात घेऊन या.

मग बी.एड. कशासाठी? कारण स्वतःला समजणे आणि बारा वर्षांच्या मुलाला समजणे यांत जे अंतर आहे, ते विषयज्ञानाने आपोआप मिटत नाही. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असते. प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण, फलकलेखन, प्रबलन (बरोबर उत्तराला शाबासकी देऊन प्रोत्साहन) असे एकेक कौशल्य घेऊन सहा मिनिटांचा पाठ द्यायचा, सहा मिनिटे त्यावर चर्चा, बारा मिनिटांत फेरनियोजन, मग पुन्हा सहा मिनिटांचा पाठ आणि सहा मिनिटांचे प्रत्याभरण (फीडबॅक), असे 36 मिनिटांचे चक्र आपल्याकडे रूढ आहे. सहाध्यायांनाच विद्यार्थी समजून शिकवणे सुरुवातीला कृत्रिम वाटते, पण 'समजले का?' हा प्रश्न आपण किती वेळा निरर्थकपणे विचारतो, हे इथेच लक्षात येते. पुढे सराव पाठ आणि दोन वर्षांत मिळून किमान 20 आठवड्यांची शालेय आंतरवासिता असते, आणि बी.एड.चा खरा कस तिथेच लागतो.

त्या काळात पाठ टाचण, म्हणजे पाठाचे लेखी नियोजन, मनापासून लिहा. टाचणात शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती असे दोन रकाने असतात आणि माझ्यासमोर येणाऱ्या कितीतरी टाचणांत दुसऱ्या रकान्यात ओळीने 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात', 'विद्यार्थी निरीक्षण करतात', 'विद्यार्थी उत्तर देतात' एवढेच असते. ते वाचून काहीही कळत नाही. तुम्ही तिथे मुले नेमके काय उत्तर देतील ते लिहा, आणि बरोबर उत्तरासोबत अपेक्षित असलेले चुकीचे उत्तरही लिहा. समजा विद्युत परिपथाचा पाठ आहे. मुलांना आधी काहीही न सांगता एक घट, एक छोटा बल्ब आणि वायर यांचे चित्र काढून बल्ब पेटवून दाखवा म्हटले, तर अनेक जण घटाच्या एका टोकापासून बल्बपर्यंत एकच वायर काढतात. त्यांच्या मनात वीज ही नळाच्या पाण्यासारखी एका बाजूने येऊन बल्बमध्ये संपणारी वस्तू असते, आणि घरातील उपकरणाची एकच केबल पाहून ती समजूत पक्की झालेली असते. हे चित्र टाचणात आधीच गृहीत धरले, तर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: याच चित्राप्रमाणे जोडून पाहू या का? बल्ब लागत नाही, मुले दुसरी वायर स्वतः मागतात, आणि मगच 'बंद परिपथ' हा शब्द फळ्यावर लिहायचा. व्याख्या आधी आणि प्रयोग नंतर घेतला, तर मुले व्याख्या पाठ करतात आणि मनातील एकच वायर तशीच राहते.

महाविद्यालय निवडताना या सगळ्याची चौकशी करा. हजेरी न लावता पदवी मिळवून देण्याची भाषा जिथे होते, तिकडे फिरकू नका. विज्ञान अध्यापन पद्धती शिकवणारे प्राध्यापक स्वतः विज्ञानाचे आहेत का, सराव पाठांना ते पूर्ण वेळ मागे बसतात का, निरीक्षण वहीत फक्त सही करतात की काही लिहितात, आणि आंतरवासितेच्या शाळांत प्रयोगशाळा वापरात आहे का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारले की लगेच कळते.

बाहेरची मदतही भरपूर आहे. मुंबईत मानखुर्दला असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून नेमक्या याच विषयावर, म्हणजे मुलांना विज्ञान कसे समजते यावर, काम करत आहे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायच्या प्रयोगांची पुस्तके आणि चित्रफिती विनामूल्य आहेत आणि त्यांत मराठीतीलही पुष्कळ आहेत. प्रयोगशाळेचे कपाट बहुधा कुलूपबंद असलेल्या शाळेत नेमणूक झाली, तर त्यांचा फार आधार वाटेल. 1966 मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे विभाग अनेक गावांत आहेत. तुमच्या जवळ एखादा असेल, तर सभासद व्हा, कारण मराठीतून विज्ञान बोलण्याचा सराव तुम्हाला लागेल. कंपनीत तुमचे सगळे काम इंग्रजी शब्दांतून झाले असेल, इथे तुम्हाला उदासिनीकरण, अवक्षेप, संयुजा हे शब्द न अडखळता वापरावे लागतील.

राजीनामा देण्यापूर्वी मात्र एक गोष्ट करा. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून, साप्ताहिक सुटीच्या दिवशी शाळा भरत असेल तर त्या दिवशी किंवा रजा काढून, काही तासिका मागच्या बाकावर बसून पाहण्याची परवानगी मागा, आणि जमल्यास आठवीला एखादी कृती स्वतः घेऊन पाहा. बहुतेक मुख्याध्यापक आनंदाने हो म्हणतात. साठ मुलांच्या वर्गात जेवणाच्या सुट्टीनंतरची तासिका घेतल्यावरही पुन्हा यावेसे वाटले, तर सीईटीचा अर्ज भरा.